आईचं घर ओढताना

समजा, तुम्ही एका मध्यम आकाराच्या पिकअपच्या स्टिअरिंगवर बसला आहात. फार मोठा ट्रक नाही हं. पुढे चार-पाच माणसं कशीबशी मावतील, मागे उघडा हौदा, बस. तुम्ही आरशात बघता तर मागे रस्ता दिसतच नाही, घर दिसतं. खरंखुरं घर. लाकडी भिंती, पत्र्याचं छप्पर, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. तुम्ही कोपरा व्यवस्थित वळता, पण घर आतल्या अंगानं येतं आणि फूटपाथवर चढायला बघतं. तुम्ही ब्रेक दाबता, गाडी थांबायला तयार होते, पण घर मागून ढकलत म्हणतं, अगं थांब काय, मी अजून येतेय! आणि शेजारच्या सीटवर त्या घराची मालकीण मांडीवर पर्स घेऊन बसली आहे. ती तुमची आई आहे. तिचं लक्ष रस्त्याकडे नाही, तुमच्याकडे आहे.

हं, आता चालवा.

ट्रेलरताईनं हे चालवलं. तिचं खरं नाव बँकेला आणि नवऱ्याला माहीत असेल, बाकी सगळा गाव तिला ट्रेलरताईच म्हणतो. ज्याला म्हणून काही चाकांवरचं इकडून तिकडे न्यायचं असतं, तो तिच्या दारात येतो. बोटी, घोडे, मधमाश्यांच्या पेट्या, सगळं तिनं ओढलं आहे. एका न्हाव्याचं फिरतं दुकान तिनं डोंगर चढवून पलीकडे नेलं, तेव्हा तिथला मोठा आरसा शाबूत बघून तो न्हावी इतका हरखला की त्यानं तिथल्या तिथे तिच्या नवऱ्याचे केस कापून टाकले. नवरा नको नको म्हणत होता. घोड्यांबद्दल ताईचं मत फार चांगलं आहे. घोडे वळण आलं की आपणहून पाय रोवून उभे राहतात, आणि "अजून किती लांब?" असं एकदाही विचारत नाहीत.

आधी ती गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर होती. वर्षानुवर्षं लोकांना हूक, साखळ्या आणि मागचे दिवे विकले. मग एक दिवस एक गिऱ्हाईक नवीकोरी बोट छोट्या मोटारीला बांधून दुकानासमोर आलं. मोटारीचं बूड रस्त्याला टेकलं होतं आणि नाक आभाळाकडे. "ताई, जरा मोठा हूक द्या," तो म्हणाला. ताई बाहेर आली, एक नजर टाकली आणि म्हणाली, "हूक मोठा देईन हो, पण मोटार कुठून मोठी देऊ?" शेवटी तिनंच स्वतःच्या जुन्या पिकअपनं ती बोट पोहोचवली. त्या दिवसापासून काउंटर सुटला तो सुटलाच.

तिच्याहून दांडगे ट्रक बाळगणारे लोक तिची टर उडवतात. "एवढीशी गाडी, ताई! जोराचा वारा आला तर उलट तो ट्रेलरच तुम्हाला ओढून नेईल." ताई चिडत नाही. "ओढेल कोणीही," म्हणते. "थांबवून दाखवा."

तिचा नवरा चष्म्याचं दुकान चालवतो. लोकांना लांबचं स्पष्ट दिसावं हा त्याचा धंदा, पण ट्रेलर मागे घेताना तो नेमका अशा जागी उभा राहतो की ताईला तो दिसतच नाही. तिथून "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" चालू असतं आणि धप्प आवाज झाल्यावर "थांब!" ताईनं त्याला शंभरदा सांगितलं आहे, "अहो, आरशात मला तुमचा चेहरा दिसत नसेल तर माझ्या दृष्टीनं तुम्ही नाहीच." तो मान डोलावतो आणि पुढच्या वेळी पुन्हा ट्रेलरच्या बरोबर मागे जाऊन उभा राहतो.

तर अशा या ताईची आई. आई शिवणकाम करते. गळ्यात मोजपट्टी, ओठात टाचण्या, आणि टाचण्या ओठात असतानाही बोलणं चालूच. ताईचे वडील सुतार होते. म्हातारपणी भाडं भरायला नको आणि कोणाच्या ओसरीवर बसायला नको, म्हणून त्यांनी एका ट्रेलरच्या सांगाड्यावर हे घर बांधलं. एक खोली, एक माळा, मागच्या टोकाला स्वयंपाकाचा ओटा. धाकट्या मुलाच्या अंगणात ते उभं राहिलं आणि राहिलंच. वडील गेले, आई त्यातच राहिली, शिवत राहिली.

आता धाकट्याची बदली झाली होती, चांगली लांब. तो आईला म्हणाला, माझ्याबरोबर चल. आई म्हणाली, तिथे मला कोणाची मापं माहीत आहेत? ताई म्हणाली, मग माझ्याकडे चल, वरची खोली रिकामीच आहे. आई म्हणाली, मला माझं घर आहे. मग बरेच दिवस फोनवर नुसतं हेच चाललं. मागच्या थंडीत आई पायरीवरून घसरली होती, गुडघा सुजला होता, आणि ताईला ते कळलं चौथ्या दिवशी, तेही धाकट्याच्या बायकोकडून. "एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला फोन करायचा?" असं आईचं म्हणणं. आता तर शेजारी धाकटाही असणार नव्हता.

शेवटी ताईनं सुचवलं, "तू घर सोडू नकोस. घरच घेऊन ये. माझ्या मागच्या अंगणात जागा आहे."

फोनवर शिवणयंत्राची खडखड थांबली. मग आई म्हणाली, "तुझ्या त्या गाडीनं?"

"माझ्या त्या गाडीनं."

"ठीक आहे. पण माझी एक अट आहे. वाटेत घर एकदा जरी डळमळलं, तर तिथूनच परत फिरायचं. आणि मग पुन्हा हा विषय कोणी काढायचा नाही. तू नाही, धाकट्यानं नाही, जावईबापूंनी तर नाहीच नाही."

"त्यांनी काय केलंय?"

"काही नाही. ते आपले मध्येच बोलतात."

ताईनं अट मान्य केली. तिला आपल्या कामाची खात्री होती.

निघायच्या आदल्या दिवशी ती आणि नवरा तिथे पोहोचले. ताई पिकअप घेऊन, आणि नवरा मागून त्याच्या छोट्या मोटारीत, कारण घर ओढताना मागे आपलं एक वाहन असलेलं बरं. ताईनं घराभोवती फेरी मारली, खाली वाकून सांगाड्यावर हातोडीनं टकटक केलं, टायर दाबले, मागच्या दिव्यांच्या तारा ओढून बघितल्या. आई दारात उभी राहून लेकीचं काम निरखत होती, गिऱ्हाईक शिलाई निरखतं तशी.

"ही दांडी बघ," ताई म्हणाली. "हिच्या टोकाला ही उलटी वाटी. ती माझ्या गाडीच्या या गोळ्यावर बसते आणि वरून कुलूप लागतं."

"म्हणजे टिचबटण."

ताई थबकली. इतकी वर्षं लोकांना समजावत आली होती, पण हे कधी सुचलं नव्हतं. "हो गं. टिचबटणच."

"आणि या साखळ्या?"

"बटण सुटलं तर. एकमेकींवरून कात्री करून लावायच्या, म्हणजे दांडी खाली रस्त्यावर न पडता त्यांच्या झोळीत पडते."

"दुहेरी टाका," आई म्हणाली आणि आत गेली.

मग ताईनं हौद्यातून न्हाणीघरातला वजनकाटा काढला. एक जाड फळी, एका बाजूला वीट, दुसऱ्या बाजूला काटा, आणि मध्ये फळीवर दांडी टेकवली. एकट्या काट्याला ते ओझं झेपलं नसतं, फळीमुळे ते वाटलं जातं. ट्रेलरचं एकूण जेवढं वजन, त्याचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त भार या दांडीनं गाडीवर टाकला पाहिजे. कमी असला तर मागचं हलतं, फार असला तर गाडीचं बूड बसतं. त्यासाठी ताईनं आईचं लोखंडी पायांचं शिवणयंत्र, कापडाचे तागे आणि जुन्या वजनदार इस्त्र्यांची पेटी, सगळं चाकांच्या थोडं पुढे सरकवून पट्ट्यांनी बांधलं. पुन्हा मोजलं. बरोबर.

"जावयाचं वजन करायच्या काट्यावर माझं घर ठेवलंस?" आईनं विचारलं.

"घराचं वाढलेलं नाही," ताई म्हणाली. नवऱ्यानं ऐकू न आल्यासारखं केलं.

सकाळी ताई डिझेल आणि टायरांत हवा भरून आली. पिकअप मागे घेतली, वाटी गोळ्यावर बसली, कुलूप लागलं, साखळ्या लागल्या. दांडी खाली उतरली तेव्हा पिकअपचं मागचं अंग जेवढं दबायला हवं तेवढं दबलं नाही. एरवी ताईच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नसती. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट ती रोज हातानं चाचपते. पण त्या दिवशी धाकटा फोटो काढत होता, त्याची बायको डोळे पुसत होती, नवरा सगळ्यांना "निघायचं ना, निघायचं ना" करत होता, आणि ताईला वाटलं, वा! बघा माझी गाडी. बसलीसुद्धा नाही. तिनं बोनेटवर कौतुकानं थाप मारली आणि निघाली.

पहिला टप्पा मस्त गेला. थोडं अंतर गेल्यावर तिनं नेहमीप्रमाणे गाडी बाजूला घेतली, हूक बघितला, साखळ्या बघितल्या, चाकांच्या मध्यावर तळहात ठेवून तापलीत का ते बघितलं. आई खिडकीतून डोकावून म्हणाली, "ताप आहे का?"

"नॉर्मल."

चढावर ताईनं गिअर खाली आणला. इंजिन घुरघुरत, पण न कुरकुरता चढलं. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. मागून गाड्यांची रांग लागली होती. ताईनं एका रुंद जागी बाजूला होऊन सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, तर एका गाडीतल्या लहान मुलीनं आईच्या घराला टाटा केला. आईनं घराच्या वतीनं टाटा केला. आई खुशीत होती. शेजारी बसून ती रस्त्यावरच्या लोकांचे कपडे तपासत होती. "त्या माणसाची पँट बघ. एक पाय लांब, एक आखूड. कोणी शिवली असेल?"

उतार लागला. शेजारून एक मोठी बस भरधाव पुढे गेली आणि तिच्या वाऱ्याचा धक्का घराला बसला. घराची शेपटी उजवीकडे गेली. मग डावीकडे. मग आणखी जोरात उजवीकडे. पिकअपचं मागचं अंग कोणी गचांडी धरून हलवावं तसं हललं.

अशा वेळी पाय आपणहून ब्रेककडे जातो, आणि तिथेच घात होतो. पुढची गाडी थांबते, मागचं घर तिला वळसा घालून पुढे यायला बघतं. ताईनं पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला आणि अधांतरी तसाच ठेवला. स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, घराच्या मागे लागून इकडेतिकडे वळवलं नाही. एक हात डॅशबोर्डखालच्या छोट्या दांडीकडे गेला. ट्रेलरच्या चाकांना वेगळे ब्रेक असतात आणि ही दांडी फक्त तेच लावते. तिनं ती हळूहळू दाबली. मागून घर ताणलं गेलं. शेपटी अजून एकदा हलली, मग अर्धीच हलली, मग सरळ झाली.

पुढच्या रुंद जागी तिनं गाडी थांबवली.

आई समोर बघत होती. पर्स छातीशी धरलेली. ती म्हणाली, "डळमळलं."

"हो."

"अट काय होती?"

ताई काही बोलणार एवढ्यात नवरा मोटारीतून धावत आला. चेहरा पांढराफटक. "अगं, मागून बघवत नव्हतं! घर असं करत होतं," आणि त्यानं स्वतःच कमरेतून असं काही हलून दाखवलं की पुढे थांबलेल्या रिक्षातला माणूस हसला.

"जावईबापू," आई म्हणाली, "मी हिला आधीच सांगितलं होतं, तुम्ही मध्येच बोलता."

ताई उतरली आणि घराचं दार उघडलं. पट्ट्या लोंबत होत्या. जिथे शिवणयंत्र बांधलं होतं तिथे काही नव्हतं. यंत्र, इस्त्र्यांची पेटी, तागे, सगळा लवाजमा मागच्या टोकाला, ओट्याला टेकून, अगदी नीट, चादरी कोंबून बसवलेला होता.

"आई!"

"काय?"

"हे मागे कोणी नेलं?"

"धाकट्यानं. मी सांगितलं म्हणून. तू डिझेल भरायला गेलीस तेव्हा." आई उतरून आली. तिच्या आवाजात अपराधी असं काही नव्हतं, उलट थोडी शिकवण्याची तयारी होती. "हे बघ, पडदा शिवताना खालच्या दुमडीत आम्ही वजनं घालतो. का? वाऱ्यानं फडफडू नये म्हणून. कोटाच्या घेरातसुद्धा घालतो. मला रात्रभर वाटत होतं, हिनं सगळं वजन पुढे नेलं, मग शेपटी फडफडणार. म्हणून शेपटीत घातलं."

नवरा ताईकडे बघून हलकेच म्हणाला, "तसं ऐकायला बरोबर वाटतं हो."

"तुम्ही गप्प बसा!" मायलेकी एकदम म्हणाल्या.

"आई, हे तुझ्यामुळे झालं. म्हणजे अट लागू होत नाही."

"अटीत कोणामुळे असं काही नव्हतं. डळमळलं की परत, एवढंच होतं." आईनं रस्त्याच्या मागच्या बाजूला बघितलं. "की इथे फिरवता येणार नाही तुला?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. रस्ता अरुंद आहे, जमणार नाही, एवढं म्हटलं असतं तर आईला पटलं असतं. पण ताईला गावभर लोक बोलावतात ते इतरांना जिथे जमत नाही तिथे ट्रेलर मागे घ्यायलाच. आणि आईला खोटं सांगून अंगणात आणलं, तर आई रोज त्या अंगणात खोटं बघत बसणार.

"येईल," ताई म्हणाली. "इथेच फिरवता येईल. पण आधी वजन नीट लावायचं. परत जायचं असलं तरी असं नेणार नाही मी."

आईनं मान हलवली. पण तिला पटलं नव्हतं, आणि न पटलेलं शिवायची तिला सवय नव्हती. ताईला ते दिसलं. तिनं दारामागून आईची दोन चाकांची बाजाराची पिशवी काढली, ती उंच दांड्याची, हातानं ओढत न्यायची. ती जवळजवळ आडवी होईल इतकी कलती केली, चाकांच्याही मागे निघेल असा फळीचा तुकडा तळाला बांधून त्यावर एक इस्त्री बांधली, आणि दांडा आईच्या हातात दिला.

"ओढ. चालत जा त्या झाडापर्यंत."

आई निघाली. चार पावलं गेली आणि पिशवीचा दांडा तिच्या हातातून वर उसळायला लागला. तिनं तो खाली दाबला तर पिशवी डावीकडे झुकली, सरळ केली तर उजवीकडे. आई थांबली. कोणी काही बोलायच्या आत तिनं स्वतःच वाकून इस्त्री सोडली, पिशवीत चाकांच्या पुढच्या बाजूला, दांड्याकडे बांधली आणि पुन्हा निघाली. या वेळी दांडा तिच्या हातावर टेकून राहिला, आणि पिशवी मुकाट मागून आली. झाडाला वळसा घालून आई परत आली. चाल भराभर झाली होती.

"हाताला भार लागतोय," ती म्हणाली.

"लागायलाच हवा. थोडाच. अजिबात नसला तर मागचं आपल्या मनानं चालतं."

आईनं तिच्याकडे जरा रोखून बघितलं. "उपदेश नको. यंत्र उचला."

तिघांनी मिळून यंत्र पुढे आणलं. नवऱ्यानं जोर लावला, आईनं हुकूम सोडले. ताईनं फळी, वीट आणि काटा पुन्हा मांडला, आणि या वेळी आकडा आईलाच वाचायला लावला. आईनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आकडा वाचला, आणि पट्ट्यांची गाठ स्वतः बांधली, कारण तिच्या मते ताईची गाठ म्हणजे गाठ नव्हतीच, नुसता गुंता होता. तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. "ताई, सगळं ठीक ना? ते यंत्र... मला वाटलं तुला माहीत असेल."

"तू ये एकदा," ताई म्हणाली. "तुला हौद्यात बसवून मोजते."

सगळं बांधून झालं. ताई स्टिअरिंगवर बसली, चावी फिरवली आणि विचारलं. विचारताना तिनं समोरच बघितलं, म्हणजे आईला आपला चेहरा दिसू नये. "बोल. कुठे?"

आईनं पट्टा लावला. पर्स मांडीवर ठेवली. मागच्या रस्त्याकडे एकदा, पुढच्या रस्त्याकडे एकदा, असं दुकानात दोन कापडं चाचपावीत तसं बघितलं.

"मी चूक केली, मी उसवली," ती म्हणाली. "मग अट धरून काय बसायचं? पुढे. पण एक नवीन अट."

"आई गं."

"घर उभं करशील तेव्हा दांडी रस्त्याकडे हवी. भिंतीकडे नको."

ताईच्या अंगणात ट्रेलर सरळ पुढे नेऊन, पिकअप सोडवून, बोळातून बाहेर काढणं सोपं होतं. दांडी मागच्या भिंतीकडे राहिली असती, एवढंच. दांडी रस्त्याकडे हवी म्हणजे अख्खं घर बोळातून उलटं, मागे मागे न्यायचं, एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. ताईनं श्वास सोडला. "बरं."

उरलेला रस्ता घर इतकं शहाण्यासारखं आलं की आईला डुलकी लागली.

बोळापाशी पोहोचले तेव्हा सगळी आळी बाहेर आलेली. प्रत्येकाकडे एक सूचना होती. ताईनं काचा खाली केल्या, हात स्टिअरिंगच्या अगदी खालच्या टोकाला धरला. तिथे धरलं की डोकं चालवावं लागत नाही, घराची शेपटी जिकडे जायला हवी तिकडे हात न्यायचा. इंच इंच मागे. कुठूनतरी नवऱ्याचा आवाज येत होता, "येऊ दे, येऊ दे..." आणि तो अर्थातच दिसत नव्हता.

मग डाव्या आरशात आई दिसली. पूर्ण, डोक्यापासून पायापर्यंत, बरोबर जिथे उभं राहायला हवं तिथे. गळ्यातली मोजपट्टी काढून तिनं हातात धरली होती, आणि कुंपण ते घराची भिंत असं मोजून ती ओरडत होती, "दोन बोटं आहेत अजून! ये! एक बोट! सरळ कर! अगं सरळ म्हणजे सरळ, तिरप्या पट्टीचं कापड नाही हे!" ताई थांबली, थोडं पुढे घेतलं, पुन्हा मागे. शेजारच्या आजोबांनी श्वास रोखला. टाकीच्या कडेवरून घराचं छप्पर सरकत गेलं आणि घर अंगणात आलं. दांडी रस्त्याकडे. टाळ्या पडल्या. नवरा घराच्या मागे कोपऱ्यात अडकला होता, त्याला खिडकीतून आत घेऊन दारातून बाहेर काढावं लागलं.

आता आई तिथे राहते. पडदा तोच, शिवणकामाची पाटी नवी. आळीतल्या निम्म्या लोकांची मापं तिला पाठ झाली आहेत आणि उरलेल्या निम्म्यांना ती चालताना बघूनच सांगते. गुडघा दुखला की ती खिडकीतून हाक मारते, पहिल्यांदा मारली तेव्हा ताई हातातलं पातेलं टाकून धावली होती. त्यांची भांडणंसुद्धा चांगली रोज होतात, फोनवर व्हायची त्यापेक्षा पुष्कळ मोकळी.

ताईनं एकदा सुचवलं, चाकं काढून घर विटांवर ठेवू, नाहीतर टायर खराब होतील. आई म्हणाली, "चाकं राहू दे." पुढच्या आठवड्यात तिनं दांडीच्या वाटीला पाणी जाऊ नये म्हणून जाड कापडाची टोपी शिवली, दुहेरी टाक्याची, काढायला-घालायला सोपी. आणि महिन्यातून एकदा, हातात चहाचा कप घेऊन ती पायरीवर बसते आणि सहज विचारल्यासारखं विचारते, "हवा बघितलीस का गं?"

ताई गुडघ्यावर बसते, हवा मोजते, कमी असेल तर भरते, टोपणं घट्ट करते. आई वरून बघत असते, चांगली मजेत, पाय हलवत. ताईनं एकदा हसत हसत विचारून बघितलं होतं, तर आईनं उत्तराऐवजी तिच्या बाहीचा सुटलेला धागा दातानं तोडला. पण टायरवरचा हात काढताना तिला दर वेळी पुन्हा विचारावंसं वाटतं: आई, तू इथे राहायला आलीस, की नुसती मुक्कामाला?